सात दिवसांचं पाणी

श्रुतिका घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात सर्जरी वॉर्डात नर्स होती, म्हणून जहाज कंपनीच्या माणसाला फोनवर तिच्याशी गोलगोल बोलता आलं नाही. तिचा नवरा सुयोग मालवाहू जहाजावर फिटर. जहाज न्यूझीलंडहून चिलीकडे निघालेलं, आणि आदल्या दिवसापासून त्याच्या पोटात उजवीकडे खाली दुखत होतं. ताप होता, उलट्या होत होत्या.

"अपेंडिक्स," ती म्हणाली. "उतरवणार कधी त्याला?"

"सात दिवस लागतील, मॅडम."

"हेलिकॉप्टर?"

"तिथवर पोचत नाही. जहाज आत्ता जिथे आहे ना, तिथून जमीन जगात सगळ्यात लांब. जवळात जवळचं बेट अडीच हजार किलोमीटरच्या पुढे, आणि त्यावर माणूस राहत नाही."

तिच्या वॉर्डात असा पेशंट सकाळी आला की संध्याकाळच्या आत टेबलावर जायचा. फुटलं तर काय होतं, हे तिने दोनदा पाहिलं होतं. तिने हट्ट धरून जहाजाचा सॅटेलाइट फोन जोडून घेतला. औषधपाणी बघणारा अधिकारी किरण नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा निघाला. किनाऱ्यावरचा डॉक्टर त्याला फोनवर सांगायचा आणि तो तसं करायचा.

"सलाईन लावता येतं?" तिने विचारलं.

"कोर्समध्ये शिकवलंय. संत्र्यावर टोचून."

"मग शीर अशी धर," म्हणत तिने त्याला नीट समजावलं. तोंडाने काही द्यायचं नाही, अँटिबायोटिकची वेळ चुकवायची नाही, पोट लाकडासारखं कडक झालं तर लगेच डॉक्टरला कळवायचं. किरणने सगळं लिहून घेतलं.

विक्रोळीला घरी सासूबाईंना, मालनताईंना, तिने एवढंच सांगितलं की तिकडे नेटवर्क नाही.

चौथ्या दिवशी वॉर्डात अपेंडिक्सचाच पेशंट आला. ट्रॅफिकमुळे रिक्षाला चाळीस मिनिटं लागली म्हणून त्याची बायको भांडत होती. श्रुतिकाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पेशंटची शीर शोधायला लागली. दुसऱ्यांदा टोचावं लागलं.

पाचव्या दिवशी सुयोगचा ताप उतरला. आठव्या दिवशी दुपारी चिलीच्या हॉस्पिटलातून त्याचा फोन आला.

"काढलं," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "डॉक्टर म्हणतोय, नशीबवान आहेस. भाषा कळत नाही, पण हातवारे तसेच करत होता."

"टाके किती?"

"काय बाई आहेस. बरा आहेस का विचार ना आधी."

ती चादरींच्या खोलीत जाऊन रडली आणि तोंड धुऊन ड्युटीवर परत आली.

घरी गेल्यावर तिने सासूबाईंना पहिल्यापासून सांगितलं. मालनताईंनी निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवली.

"माका कित्याक नाय सांगलंस?"

"तुम्हाला झोप लागली नसती, आई."

"तुका लागली?"

श्रुतिकाने मेथी पुढ्यात ओढली आणि निवडायला बसली. मालनताई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना त्यांनी विचारलं, चिलीत भात मिळता काय.