स्क्रीनवर वाचलेलं हक्कसोडपत्र

कोकिळाबाई पिपरी मेघेच्या शाळेत सत्तावीस वर्षं मास्तरीण. पोरांना पहिली ताकीद एकच, ओळीखाली बोट ठेवून वाचायचं. त्यांचं स्वतःचं बोटही कधी ओळ सोडून गेलं नव्हतं.

२००६च्या मार्चात धाकट्या भावानं, धनंजयनं, त्यांना समुद्रपूरला बोलावलं. ठरलं होतं ते एवढंच: घरातला हिस्सा दोघी बहिणींनी भावाला सोडायचा, वावरातला ठेवायचा. वावरावर बाईंचा जीव. निवृत्तीनंतर तिथं विहिरीजवळ लिंबाची झाडं लावायची होती.

दस्तलेखक प्रेमदासनं नवा कॉम्प्युटर घेतला होता. "बाई, इथंच वाचून घ्या. स्टॅम्पपेपरवर निघालं का मंग खोडता येत नाई."

बाई ऐटीत बसल्या. सवयीनं बोट स्क्रीनला लावलं, तर प्रेमदास म्हणाला, "हात नका लावू, डाग पडते." बाईंनी हात मांडीवर घेतला. मजकूर वर सरकू लागला. डोळे 'घर क्रमांक', 'राजीखुशीने', 'लहान भाऊ' असे ओळखीचे शब्द वेचत पळाले. मधलं सारं नुसतं पाहिलं गेलं. पुन्हा वर न्या म्हणायची बाईंना लाज वाटली, खरं कारण तेच.

"वाचलं?"

"अक्षर न् अक्षर."

कागद निघाला, सह्या झाल्या, नोंदणी झाली. भावानं साडीचोळी केली.

मे महिन्यात नक्कल हाती आली. बाईंनी ओसरीवर बसून ओळीखाली बोट ठेवलं. पाचव्या ओळीत ते अडलं. घर, तसेच शेत, विहिरीसह. बाईंनी समुद्रपूर गाठून भावाला जाब विचारला.

"तूच त म्हणाली ना बाई, वाचलं म्हणून? साऱ्यांसमोर," धनंजय म्हणाला. नजर मात्र वर उठेना मेल्याची.

बाई रडत थोरल्या बहिणीकडे गेल्या. अनुसयाबाईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तिचंही वावर गेलं असणार, असं बाईंना वाटलं. तिचा दस्त वेगळा, बाईंच्या आदल्या दिवशी झाला होता.

"माह्यं वावर हाये ना," अनुसयाबाई म्हणाली. "मले कुठी वाचता येते? म्या म्हटलं, मोठ्यानं वाचून दाखव, नाई त आंगठा देत नाई. वावराचं नाव आलं अन् म्या उठली. मंग काढलं त्यायनं."

"मले काऊन नाई सांगितलं?"

अनुसयाबाई गोंधळली. "तुले काय सांगाचं? तू त शिकेल हायेस."