सराईत ससे

सलाइनच्या कारखान्यात माझं काम सशांचा ताप मोजण्याचं. प्रत्येक बॅचमधलं थोडं सलाइन तीन सशांच्या कानातल्या शिरेत टोचायचं आणि तीन तास त्यांच्या मागे थर्मामीटर लावून बसायचं. पाण्यात मेलेल्या जंतूंचं विष राहिलं असेल तर ससे तापतात, बॅच नापास होते. बघायला आलेल्या स्थळांना मी हे खरं खरं सांगत गेले. म्हणून अजून ताईकडेच राहते.

त्या ताईला ऑपरेशननंतर आमच्याच कारखान्याची बाटली लागली आणि खाट हलेल इतकी हुडहुडी भरली. पाच दिवसांनी ती माणसांत आली. बाटलीवरचा बॅच नंबर मी लिहून आणला.

मॅनेजरसाहेबांनी तक्ता दाखवला. तिन्ही ससे गार. "ससे ठणठणीत आहेत. तुझ्या ताईलाच थंडी सोसत नसेल," ते चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत म्हणाले. सगळे हसले.

ते तीन ससे मला चांगले माहीत होते. एकदा तापलेला ससा पुन्हा वापरायचा नाही, असा नियम. साहेबांना ती उधळपट्टी वाटे. विष पुन्हा पुन्हा टोचलं की शरीर दखल घेईनासं होतं. पहिल्यांदा फणफणलेला ससा चौथ्यांदा निवांत पाला चघळतो. विष तेवढंच असतं, तक्रार तेवढी बंद होते. अशा तीन निगरगट्टांना साहेब 'सीनियर स्टाफ' म्हणत आणि संशयाची बॅच त्यांच्याकडेच पाठवत. तक्त्याखाली सही माझी. पहिल्यांदा मी भांडले होते. चौथ्यांदा पेन मागून घेतलं.

ताईच्या तक्रारीवरून तपासनीस येणार असं कळलं, तेव्हापासून मी रोज तीन कोऱ्या सशांना थर्मामीटरची सवय लावत होते, नुसत्या भीतीने अंग तापू नये म्हणून. सुई त्यांनी पाहिलेली नव्हती.

तपासनीस आले. साहेब इतके निर्धास्त की त्याच बॅचची राखून ठेवलेली बाटली आत्ता, तुमच्यासमोर तपासू म्हणाले. मला सांगितलं, "जा, सीनियर स्टाफला घेऊन ये."

मी कोरे घेऊन आले.

पाऊण तासात पहिला एका अंशाने चढला, मग दुसरा, मग तिसरा. तपासनीस आकडे उतरवत होते. साहेब माझ्या कानाशी कुजबुजले, "हे कुठले आणलेस?"

"नवे आहेत, साहेब," मी खणखणीत म्हणाले. "थंडी सोसत नसेल त्यांना."

कोणी हसलं नाही. तपासनिसांनी बाटलीला सील लावलं, जुना तक्ता मागवला आणि खालची सही कोणाची म्हणून विचारलं.

"माझी. असल्या मागच्या तिन्ही तक्त्यांवरही माझीच," मी म्हणाले. "लिहून घ्या. सशांचे नंबरही सांगते."