अक्काचं वाकडं मडकं

अर्धांगवायूच्या झटक्याने अक्काचा उजवा हात लुळा पडला आणि घरात सगळ्यांनाच तिचे मालक व्हायची घाई झाली. जन्मभर शिवणयंत्र चालवून तिने ज्याला वाढवलं, तो धाकटा भाऊच आता उठता-बसता म्हणायचा, "अक्का, तू बस. आम्ही बघतो." प्रवासालाही तिला काचेच्या बाहुलीसारखं आणलेलं. इथे उतर, हे पी, पायरी सांभाळ!

वाटेत कुंभारांच्या एका जुन्या कारखान्यापाशी गाडी थांबली. बसकं छप्पर, भिंतीलगत वाळत ठेवलेले माठ. कोपरापर्यंत माखलेली कुंभारीण चाकावरून सुरई उतरवत होती. "कुणाला बसून बघायचंय?"

"मला," अक्का म्हणाली.

भाऊ हसला. "एका हाताने टाळी वाजत नाही अक्का, मडकं कुठून होणार?"

"टाळी तू वाजव. मडक्याचं मी बघते."

भावजयीने तोंडाला पदर लावला.

चाक फिरलं. अक्काने डावा हात लावताच मातीचा गोळा भेलकांडला आणि चिखल थेट चष्म्यावर. दुसरा गोळा मटकन खाली बसला.

"झाली ना हौस? चल आता."

"तू गाडीत बस. इथे उकडतंय, तुला सोसायचं नाही."

तिसऱ्या खेपेला तिने लुळा हात उचलून मातीला टेकवला, कोपर बरगडीत रोवलं आणि डाव्या हाताने आतून रेटा दिला. हात हलत नव्हता, पण भिंतीसारखा उभा राहिला. माती वर चढली. एक खांदा पडलेलं, तोंड वाकडं, पण मडकंच!

कुंभारणीने हात पुढे केला. "नीट करून देते."

"नको. नीट केलंत तर ते तुमचं होईल. वाकडं आहे तोवर माझं."

"एकीकडे जाड राहिलंय. भट्टीत तडकेल."

"तडकू दे. भाजाल कधी?"

"वाळायलाच आठवडा जाईल."

"मग मी थांबते."

भाऊ उडालाच. "इथे? एकटी? गोळ्या कोण देणार तुला?"

"त्या मीच गिळते, तू नाही."

तो ओरडला, विनवण्या केल्या, शेवटी रुसला. भावजय मात्र गाडीकडे गेली आणि अक्काची पिशवी आणून तिच्या पायाशी ठेवली.

समोरच्या खानावळीच्या माडीवर अक्का राहिली. एका हाताने वेणी जमेना, तर तिने केस मोकळे सोडले. भट्टी उघडली तेव्हा मडक्याला काठापासून पोटापर्यंत तडा गेलेला. कुंभारणीचाच चेहरा उतरला. अक्काने मडकं टॉवेलात गुंडाळलं आणि एकटीच एसटीत चढली.

घरी दार भावाने उघडलं. टॉवेल बाजूला करून बघतो तर काय! "अक्का, हे तर फुटकं आहे!"

"फुटकं नाही, तडकलेलं," अक्का म्हणाली. "आणि दारातून सरक. मला आत यायचंय."