नाही म्हणायची सोय

भैय्यालाल एकदा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकत नसे, मग बायकोचं काय ऐकणार! पवनीत जन्मभर माग चालवलेला माणूस. साड्या ऑनलाइन विकायच्या ठरल्यावर तो असा बोलू लागला, जणू इंटरनेटही त्यानेच विणलं होतं.

मुलगी मंजुषाने दोन वाटा समोर ठेवल्या. स्वतःची वेबसाइट काढायची; खर्च आपला, गिऱ्हाईकही आपणच शोधायचं. नाहीतर मोठ्या ॲपवर दुकान लावायचं. तिथे गर्दी आयती, पण नियम त्यांचे.

"आपलंच दुकान काढा," मागावर बसलेली त्याची बायको कौशल्या म्हणाली. "आपल्या दारात एखाद्या वेळी नाही त म्हणता येते."

"गिऱ्हाइकाले नाही कायले म्हणाचं? येडी झाली का तू?" भैय्यालाल हसला. ॲपच ठरलं.

फोटोला साडी नेसलेली बाई हवी होती. मॉडेल आणायची कुठून? कौशल्येलाच उभं केलं. हळदी रंगाची, करवतकाठी, कोशाच्या रेशमाची साडी. लग्नापासून ती नवऱ्याच्या जोडीने अशा साड्या विणत आली होती, पण अंगाला एकही लागली नव्हती. त्या दिवशी ती आरशासमोरून हलेना.

"मंजूचे बाबा," पदर कुरवाळत ती म्हणाली, "हे एक मले ठेवू द्या ना."

"ठेव ना!" भैय्यालाल म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. पण साडी ॲपवर चढली होती, ती काढायचं राहून गेलं. दुसऱ्याच दिवशी त्या साडीला पुण्याहून ऑर्डर आली.

"रद्द करता येते," मंजुषा चाचरली. "पण पहिलीच रद्द केली त दुकान खाली ढकलतात. मंग कोणाले दिसतच नाही."

भैय्यालालने बायकोकडे पाहिलं नाही. "तुले दुसरी विणून देतो. याच्याहून भारी."

कौशल्येने स्वतःच साडीची घडी घातली. रात्री नेहमीसारखंच वाढलं. तिचं ते नेहमीसारखं वागणंच त्याच्या घशाखाली उतरेना.

दुसरी साडी मागावर हातभर विणून झाली आणि कौशल्येला ताप भरला. भंडाऱ्याला दवाखान्यात नेली, परत आणली ती चादरीत गुंडाळून. सवाष्णीला शेवटी नवी साडी नेसवतात. बाकीचा तयार माल सगळा नेहमीच्या व्यापाऱ्याकडे गेलेला. धावतपळत बाजारातून मिलची हिरवी साडी आणली आणि त्या साडीतच ती वैनगंगेच्या काठावर गेली. भैय्यालालला लाज वाटली. रडूसुद्धा आलं नाही, इतकी लाज वाटली.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी कुरियरवाला आला. खोक्यात तीच हळदी साडी. पुण्याच्या बाईला रंग आवडला नव्हता, म्हणून परत. घडी कौशल्येचीच होती. गिऱ्हाइकाने ती पुरती उलगडलीही नव्हती.

भैय्यालाल ती मांडीवर घेऊन बसला. तेवढ्यात मंजुषाचा मोबाइल वाजला.

"बाबा, साडी परत आली म्हणून ॲपनं आपोआपच विक्रीले लावली. नागपूरची ऑर्डर आली."

"नाही म्हण."

"पण दुकान..."

"नाही म्हण म्हटलं ना!" तो ओरडला, आणि मग त्याला रडूच फुटलं. "हे एवढं माह्या तोंडातून त्या दिवशी काहून नाही निघालं, मंजू?"

मंजुषाने डोळे पुसत ऑर्डर रद्द केली. "कारण विचारून राहिले, बाबा. काय लिहू?"

भैय्यालालने साडी छातीशी धरली.

"लिही," तो म्हणाला, "घरच्या बाईनं ठेवून घेतली."