घरी ऐकलेली पाच वाक्यं

मी वही बोलतेय. शंभर पानी, एकरेघी, इंग्रजी व्याकरणाची. कव्हरवर नाव, इयत्ता, तुकडी. सध्या एका सीलबंद पाकिटात आहे, म्हणून आवाज जरा दबका वाटेल.

माझी मालकीण आठवीतली. वर्गात चकार शब्द बोलायची नाही, म्हणून सगळे तिला घुमी म्हणत. वडील दुकानांची शटरं दुरुस्त करायचे. आई लाँड्रीत इस्त्री करायची.

बाईंनी अप्रत्यक्ष कथन शिकवायला घेतलं. कुणी काय म्हणालं, ते आपण दुसऱ्याला कसं सांगायचं, एवढंच. पण पुस्तकातली वाक्यं मुलं एकमेकांची बघून उतरवतात. म्हणून बाईंनी स्वतःची युक्ती काढली. घरी ऐकलेली पाच वाक्यं रोज इंग्रजीत डावीकडे लिहायची, उजवीकडे बदलायची.

"मनानं बनवू नका हं, खरी हवीत," बाई म्हणाल्या.

घुमीनं ते फारच मनावर घेतलं.

पहिल्या दिवशी आई म्हणाली की दूध उतू गेलं होतं. शेजारीण म्हणाली की तिचा कुकर बिघडला होता. छान चाललं होतं आमचं. मग आठवड्याभरात बाबा माझ्यात आले. बाबा आईला म्हणाले की ते तिचा हात मोडतील. टिक. आई म्हणाली की ती पाय घसरून पडली होती. टिक. बाबा म्हणाले की एक दिवस ते तिला संपवणार होते. टिक, आणि खाली लाल शाईत 'शाबास'.

घरात तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. आईनं घुमीला शपथच घातली होती, घरातलं बाहेर सांगायचं नाही.

"मी कुठे सांगतेय?" घुमी म्हणाली. "गृहपाठ करतेय."

रोज मी परत आले की ती आधी लाल शाई शोधायची. बाई काही विचारतात का, ते बघायची. पाचपैकी पाच, एवढंच असायचं.

एकदा बाई म्हणाल्या, "तुझं एकही चुकत नाही गं. घरी कोण शिकवतं?"

"कुणी नाही, बाई. मी फक्त ऐकते."

वर्ग हसला, बाईही हसल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. साठ वह्या, मधली सुट्टी, अर्धा राहिलेला डबा. मला सगळं कळतं, तरी राग येतो.

बुधवारी घुमीनं मला तपासायला दिलं. गुरुवारी ती आली नाही. तिची आई गेली होती, बाबांच्याच हातून. शुक्रवारी शिक्षकांच्या खोलीत पोलीस इन्स्पेक्टर आले आणि त्यांनी मला मागून घेतलं.

"माझं इंग्रजी बेताचं आहे," ते म्हणाले. "यात काय लिहिलंय ते सांगा."

बाई सांगू लागल्या. तिसऱ्या पानावर त्यांनी स्वतःचं 'शाबास' बोटानं झाकलं.

"या लाल खुणा कुणाच्या?"

"माझ्या."

"म्हणजे तुम्ही हे वाचलं होतं?"

बाईंनी मला मिटलं. "तपासलं होतं," त्या म्हणाल्या.

आता कोर्टात तारीख लागली की मला पाकिटातून बाहेर काढतात. घुमी मावशीकडे राहते आणि तिथेही बोलत नाही म्हणे. तुमच्याकडे अशी वही आली तर पेन जरा खाली ठेवा आणि आधी वाचा. एवढंच मागणं आहे.

माझं शेवटचं पान मात्र तपासायचं राहिलं. पाचवं वाक्य आईचं आहे. आई म्हणाली की आणखी दोन दिवस थांबायचं, मग त्या दोघी मावशीकडे जाणार होत्या. घुमीनं अगदी बरोबर लिहिलंय. त्यावर टिक नाही.