पाण्याच्या सोयीचं घर

जोतं भरून झालं होतं आणि त्याच्यावर घर म्हणून जे काही होतं ते सगळं पांढऱ्या फक्कीचं होतं. मुरुमाच्या भरावावर ओढलेली रेघ म्हणजे भिंत, रेघ तुटली तिथे दार. पुढे रस्त्याच्या अंगाला आत्याची खोली आणि हॉल, मध्ये नवरा-बायकोची खोली, आणि मागे, जिथे जमीन उतरत जाते, तिथे स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून बाथरूम. नवरा या घरात फिरताना अगदी इमानाने दारातूनच जायचा. एकदा बायको पोरीला कडेवर घेऊन हॉलमधून सरळ स्वयंपाकघरात शिरली, तर "अगं, भिंत!" म्हणून तो एवढ्या जोरात ओरडला की ती खरंच थबकली. आणि मग थबकल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

आत्या मात्र असल्या भिंतींना भीक घालत नसे. काठी टेकत ती हॉलमधून यांच्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात आरपार निघून जायची आणि वर म्हणायची, "हवा चांगली खेळते हो तुमच्या घरात."

नवऱ्याला बायकोने या बांधकामापासून 'उतारपंडित' हे नाव दिलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. घर स्वतः बांधायचं ठरल्यापासून तो दुसरं काही बोलतच नव्हता. बोअर पुढच्या कोपऱ्यात, म्हणून सेप्टिक टँक त्याच्यापासून शक्य तेवढी लांब, मागच्या कोपऱ्यात. टँक मागे, म्हणून संडास मागे. संडास मागे, म्हणून बाथरूम तिथेच, आणि सगळी पाण्याची कामं एकत्र असावीत म्हणून स्वयंपाकघरही तिथेच. पाइपाला उतार किती हवा, कमी झाला तर काय तुंबतं, जास्त झाला तर काय मागे राहतं, हे तो जेवताना सांगायचा. जेवताना! तिने घास खाली ठेवला तरी त्याच्या लक्षात यायचं नाही. पातळी बघायला पाणसळ म्हणून घेतलेली पारदर्शक नळी तर तो गळ्यात घालूनच हिंडायचा, डॉक्टर हिंडतात तसा.

"पाण्याला अगदी बरं वाटेल बघ या घरात," आत्या म्हणायची. "माणसांचं काय ते नंतर बघू."

या चेष्टेला तो हसायचा, बायको पण हसायची. पण तिचं हसू अर्धंच असायचं. कारण हे घर ज्यांच्यासाठी एवढ्या घाईने चाललं होतं, त्यांत आत्या पहिली होती, आणि आत्या अजून हो म्हणालेली नव्हती.

आत्याने त्याला लहानाचं मोठं केलं ते बाजारातल्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. त्या खोल्यांत ती अजून एकटी राहत होती. जिना उभा, संडास खाली अंगणात, सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एक. मागच्या पावसाळ्यात त्या जिन्यावरून ती घसरली. चार पायऱ्या बसून उतरली म्हणायची स्वतः. हे यांना कळलं तेही महिन्याभराने, खालच्या दुकानदाराकडून. तेव्हापासून तिला, म्हणजे या सुनेला, रात्री पाऊस वाजला की झोप लागायची नाही. पोर उठायची, पोर झोपायची, ही आपली जागीच. आणि विषय काढला की आत्याचं उत्तर तयार: "बांधा तर आधी. मग बघू."

आता बघायची वेळ आली होती. उद्या सकाळी मिक्सर येणार, जमिनीचा कोबा पडणार, आणि पाइप जिथे पुरलेत तिथे कायमचे राहणार. म्हणून आज शेवटचं सगळं दाखवायला त्याने आत्याला रिक्षातून आणलं होतं. डबा खाल्ला. मग त्याने आत्याच्या खोलीत, म्हणजे आत्याच्या रेघांच्या आत, चटई टाकली, वर ताडपत्रीची सावली केली.

"पड जरा. खोली कशी वाटते ते सांग."

"छताला ओल आलीय," आत्या ढगांकडे बघत म्हणाली, आणि आडवी झाली.

तो मागे टँकच्या खड्ड्यापाशी गेला. ती आपल्या खोलीच्या रेघांत, पाठ सिमेंटच्या पोत्यांना टेकवून, चिमणीला पाजत बसली. चिमणी म्हणजे त्यांची लेक. नुकती पावलं टाकायला लागली होती आणि सकाळपासून फक्कीत लोळून भुतासारखी पांढरी झाली होती. पोर पिता पिता पेंगली. तिचे स्वतःचे डोळेही मिटायला आले.

तेवढ्यात आत्या उठली.

उठली ती इकडेतिकडे बघून. सगळे आपापल्या जागी, कुणाचं लक्ष नाही, असं तिला वाटलं असावं. भिंतींना भीक न घालणारी आत्या या वेळी दारातून बाहेर पडली. एक हात नसलेल्या भिंतीवर ठेवल्यासारखा धरून हॉलच्या कडेने आली. काठी टक टक मुरुमावर. मग यांच्या खोलीच्या दारासमोर आली आणि तिने काठी उचलून धरली. वाजू नये म्हणून! खाली माती, वर आभाळ, दाराच्या जागी दोन खुंट्या. पण आत्या गुडघे आवळून, ओठ दाबून, काठी अधांतरी धरून त्या दारासमोरून चालली. पुढे स्वयंपाकघरापाशी तिचा तोल जरा गेला. हाताने भिंत शोधली. भिंत नव्हतीच. ती तशीच उभी राहिली, मागच्या बाथरूमकडे बघत, ते पलीकडच्या गावाला असावं तसं. मग मान हलवली आणि परत फिरली.

सुनेने पटकन डोळे मिटून घेतले. पोरीच्या केसांतली फक्की तिच्या ओठांना लागली, ती पण पुसली नाही.

थर्मासमधला चहा ओतताना आत्याने निकाल दिला. "घर छान होतंय हो. मी अधूनमधून येत जाईन."

"अधूनमधून?" नवरा म्हणाला. "आणि खोली?"

"खोलीत पोरीची खेळणी ठेवा. मला माझा बाजार बरा, माणसं दिसतात."

"इथे रस्त्याकडची खिडकी कुणासाठी ठेवलीय मग?"

"या रस्त्याने दिवसाला एक ट्रॅक्टर जातो. त्याला हात करत बसू?"

तो हसला, पण त्याचा चेहरा पडला. लहानपणी शाळेतून येऊन दाराला कुलूप दिसलं की कसा पडत असेल, अगदी तसा. तिला दोघांचाही राग आला. हिचा, की सरळ सांगत नाही. याचा, की याला पाण्याचं मन कळतं आणि आत्याचं नाही. पण सांगायचं कसं? "आत्या, तुम्हाला रात्री उठावं लागतं, आमच्या दारासमोरून जायची लाज वाटते, म्हणून येत नाही ना?" असं तोंडावर विचारलं असतं तर आत्याने रिक्षाच बोलावली असती.

"अहो," ती म्हणाली.

नवरा सावध झाला. एरवी ती त्याला अरे-तुरेच करायची. 'अहो' निघालं की काहीतरी फोडावं लागणार हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

"मला स्वयंपाकघर पुढे पाहिजे. रस्त्याच्या अंगाला. आणि आत्याची खोली मागे, स्वयंपाकघराच्या जागी."

"आज? आज सांगतेस? उद्या कोबा आहे!"

"म्हणून आज सांगतेय. उद्या सांगितलं असतं तर म्हणाला असतास, काल का नाही बोललीस."

"अगं, पण का?"

"मला पोळ्या लाटताना रस्ता बघायचाय."

"एक ट्रॅक्टर," आत्या चहाच्या कपातून म्हणाली.

"मला ट्रॅक्टर आवडतात," ती म्हणाली.

आत्याने कप खाली केला आणि तिच्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. "मगाशी पोरीला पाजत होतीस ना तू?"

"हो."

"डोळे मिटून?"

"अर्धे."

आत्या कपातली नसलेली साय बोटाने बाजूला करत बसली. नवरा मात्र नळी गळ्यातून काढून हातात घेऊन फेऱ्या मारायला लागला होता. "शक्यच नाही. पुढची बाजू चढाची. सिंकचं पाणी मागे न्यायचं तर अख्ख्या घराखालून पाइप, त्याला उतार देता देता तो मागे टँकच्याही खाली जाईल. पाणी काय तुझ्या सोयीने वाहणार आहे का?"

"सिंक जमिनीवर बसवणार आहेस?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी उकिडवी बसून भांडी घासणार आहे का? सिंक माझ्या कमरेएवढं उंच असणार ना? मग त्याचं पाणी जमिनीखाली कशाला घालतोस? भिंतीतून बाहेर काढ आणि बाहेरच्या बाहेर, घराच्या कडेने मागे सोड. संडासाला खाली जावंच लागतं, ते आहे तिथेच राहू दे. मी त्याला हात लावायला सांगतच नाहीये."

तो थांबला. तोंड उघडं होतं, पण त्यातून उतार येत नव्हता. मग तो पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेला, कमरेशी हात धरून सिंकची उंची घेतली, तसाच हात धरून घराच्या कडेने चालत मागे आला आणि चालता चालता त्याचा चेहरा उजळत गेला.

"उघडी नाली," तो म्हणाला. "सिमेंटची. मध्ये एक जाळी, खरकटं अडकायला. पुढे झाडांना. आणि बोअर तर पुढेच आहे, म्हणजे स्वयंपाकघराला येणारी लाइन उलट आखूड होते! मोटरची केबलही आखूड होते! अगं, मी हे आधीच म्हणत होतो, की—"

"हो, तूच म्हणत होतास," ती म्हणाली.

"आणि आत्याच्या खोलीला बाथरूम चिकटूनच येईल. मधल्या भिंतीत दार काढलं की खोलीतल्या खोलीत!" हे त्याला आत्ता सुचल्यासारखं तो बोलला. आत्ताच सुचलं होतं. मग त्याची नजर आत्याकडे गेली आणि तिथून बाथरूमकडे आणि तिथून पुढच्या खोलीतल्या चटईकडे. गळ्यात परत घालायला घेतलेली नळी हातातच राहिली.

"मला मागे टाकताय होय?" आत्या म्हणाली. "अडगळीसारखं?"

सुनेने आत्याकडे बघितलं. पण आत्याच्या डोळ्यांत तिला रिक्षा दिसली नाही.

"मागचं अंगण तुमचं," ती म्हणाली. "चिमणी दिवसभर तिथेच असणार. अडगळीत राहायचं नसेल तर तिला आवरा."

मग कुणीच बसलं नाही. बाथरूमला आत्याच्या बाजूने दार आलं, म्हणजे संडासाचं भांडं दाराच्या तोंडाशी येत होतं. ते पलीकडच्या भिंतीला सरकवणं आलं, म्हणजे पुरलेला पाइप उकरून, बेंड कापून, नवा जोडून पुन्हा उतार धरणं आलं. तो कुदळ मारत होता, ती घमेल्याने मुरूम उपसत होती, आणि आत्या पोरीला मांडीवर दाबून धरून दोघांवर देखरेख करत होती. गवंडी उद्याची तयारी बघायला आला आणि जुन्या रेघा पायाने पुसणाऱ्या वहिनींना बघून कपाळाला हात लावून उभा राहिला.

"दादा, हे घर आहे की पत्त्यांचा डाव? रोज नवीन वाटप."

"हे शेवटचं," नवरा खड्ड्यातून म्हणाला.

"मागच्या आठवड्यात पण शेवटचंच होतं." असं म्हणत गवंड्याने चपला काढल्या, खड्ड्यात उतरला आणि पाइपाचं दुसरं टोक धरलं. "वर घ्या. अजून. बास, बास! आता हलू नका, शिंकू पण नका."

ऊन कलता कलता जोड सुकला. आता परीक्षा: बाथरूममधून पाणी ओतायचं आणि बाहेरच्या चेंबरमध्ये ते सरळ, न थांबता येतं का बघायचं. नवरा चेंबरपाशी पालथा पडून आत डोकं घालून राहिला. बादली तिने उचलली होती, पण आत्याने हात पुढे केला.

"दे इकडे. ज्याचं घर त्याने ओतावं की." बोलून गेली, आणि मग काहीच बोललो नाही असा चेहरा करून पुढे झाली.

तिने बादली दिली. दोन्ही हातांनी सोडायला जरा वेळच लागला तिला.

आत्याने पाणी ओतलं. पाइपात गुळगुळ आवाज झाला, मग नुसता वाहता आवाज, मग काहीच नाही. सगळे चेंबरकडे बघत राहिले.

"आलं!" खालून आवाज आला. "आत्या, आलं! सगळं आलं!"

"पाणी आलंय रे, वरात नाही. डोकं काढ बाहेर."

तो मातीने माखलेलं तोंड घेऊन वर आला. गवंडी चपला शोधायला लागला. घरची मंडळी निघायच्या तयारीला लागली. पोरीचं टोपडं, डबे, थर्मास. आत्या मात्र हलेना. आपल्या बाथरूमच्या रेघांत उभी राहून ती काठीने नळाच्या पाइपाचं वर आलेलं टोक ठोकत होती.

"हे इथे का?"

"नळ," नवरा म्हणाला. "उजव्या हाताला. तसाच असतो."

"कुणाच्या उजव्या हाताला? डाव्या बाजूला घे."

"आत्या, गवंडी चालला! डाव्या कशाला?"

"मी डावखुरी आहे. एवढा मार खाल्लास माझ्या हातचा, कुठल्या गालावर बसायची तेही आठवत नाही?"

नकळत त्याचा हात गालाकडे गेला. गवंडी आधी हसला, मग त्याने चपला परत काढल्या.

"आणि मी बसले की हात पोचला पाहिजे," आत्या म्हणाली, आणि काठी सुनेकडे देऊन, तिचा खांदा धरून, नसलेल्या स्टुलावर बसल्यासारखी हळूहळू खाली झाली. हात लांब केला. "इथे. इथे खूण कर, पोरी. नीट कर, रोज लागणार आहे."

तिने मूठभर फक्की घेतली आणि आत्याच्या बोटांच्या टोकाशी खूण केली.