टोकन देणारा मी एकटाच!

मी टोकनवाला बोलतोय! मला हात नाहीत, पाय नाहीत. शेवगावजवळच्या एका कांदा बाजाराच्या संगणकात, प्रज्ञाने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये मी राहतो. गेटावर गाडी आली की तिला नंबर देतो. त्याच नंबराने लिलाव होतो, म्हणून मी थोडा भावही खातो.

प्रज्ञा इथलीच पोरगी, आणि हे तिचं पहिलंच काम. एक गेट होतं तोवर आमचं झकास चाललं. मग हंगाम भरात आला, दुसरं गेट उघडलं आणि माझी पार शोभा झाली. तिने प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं, गेटावरची टोकनची खिडकी उघडली की नवा टोकनवाला घडवायचा. झालं! दोन खिडक्या, दोन टोकनवाले. संगणक एकच, तरी मला त्या दुसऱ्याचा पत्ता नाही, त्याला माझा नाही. दोघंही एकपासून नंबर वाटत सुटलो.

लिलावात कांद्याच्या गाड्या घेऊन आलेले साळूबाई आणि हैदरभाई समोरासमोर आले.

"माजा पयला नंबर हाय!"

"अवो मावशी, माजाबी पयलाच हाय, ह्ये बगा!"

सगळ्याच गाड्यांचं तसं. बाजार ठप्प झाला. मॅनेजर सहादेवराव कडाडले, "प्रज्ञा, आजच्या आज नीट कर. न्हाईतर उद्यापासनं तुजा प्रोग्रॅम बंद!"

पोरीचा चेहरा उतरला. मला डोळे असते तर मी ढसाढसा रडलो असतो.

पण ती हटली नाही. मला घडवायची वाट तिने खिडक्यांना बंदच केली. टोकनवाला हवा? मग एकाच दाराशी मागायचा. तो नसेल तर एकदाच घडणार, असेल तर तोच मिळणार. जाणकार याला सिंगलटन म्हणतात. नाव काही असो, थाट बघा माझा!

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गेटं एकदम उघडली. इकडच्या खिडकीने मागितलं, मी एक नंबर दिला. तिकडच्या खिडकीने मागितलं. प्रज्ञाने श्वास रोखला. मी दोन नंबर दिला! मग तीन, चार... एकाचीही तक्रार नाही. साळूबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली, "लई गुणाची हाईस गं!" प्रज्ञा हसता हसता रडली आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनो, एवढं ऐका. पावत्या हव्या तेवढ्या घडवा, दर गाडीला नवी. नंबर देणारा मात्र एकच ठेवा.

आत्ताच सहादेवरावांनी विचारलं, "प्रज्ञा, गर्दी लई हाय. तिसरं गेट उगडू का?"

"उघडा की काका! चौथंही उघडा!"

उघडा, उघडा. मी बसलोय इथे.